पुसदहून आणलेला बॉक्स

माझी नोकरी जमीन मोजण्याची. दोन भाऊ एका बांधावरून भांडत असले की त्यांच्या मधोमध मशीन लावून उभा राहतो तो माणूस मी. दोघांचंही ऐकून घेतो, दोघांच्याही घरचा चहा पितो आणि शेवटी नकाशा सांगेल तेच सांगतो. वीस वर्षं हेच केल्यामुळे माझा असा पक्का समज झाला होता की दारव्हा तालुक्यात कोणालाही फसवता येईल, मला येणार नाही. हा समज पुसदच्या एका दुकानात भर दुपारी पाच मिनिटांत उतरला. मी तिथं गिटारसाठी स्पीकर निवडायला गेलो होतो.

आमची गायनाची पार्टी आहे. पार्टी माझ्या मोठ्या मावसभावाची. त्याला सगळे दादा म्हणतात, मीही. जयंती, पौर्णिमा, विहाराचं उद्घाटन, कोणाच्या घरचं नामकरण, असं कुठलंही निमित्त असलं की बोलावणं येतं. दादा गातो. ढोलकी आणि तबल्यावर दोघं, कोरसला दोन बाया, कीबोर्डवर दादाचा साळा, आणि डाव्या कडेला गिटार घेऊन मी. मिक्सर, म्हणजे प्रत्येकाचा आवाज कमी-जास्त करायचं मशीन, सांभाळणारा साउंडवाला म्हणजे भाई. भाईचं दारव्ह्यात स्पीकरचे बॉक्स बनवायचं वर्कशॉप आहे. ईदचा शीरखुर्मा मी त्याच्या घरी खातो, वैशाखी पौर्णिमेची खीर तो माझ्या घरी खातो. आमच्या दोघांच्या बायका आमच्याबद्दल एकमेकींजवळ तक्रारी करतात, इतकी जवळीक.

चार वर्षांपूर्वीपर्यंत माझ्याकडे गिटारचा अ‍ॅम्प होता. गिटारचा आवाज मोठा करणारा बॉक्स तो, चांगला वजनदार, कोपरे झिजलेला. स्टेजवर माझ्या मागं तो ठेवायचा आणि वाजवायचं. मग एक दिवस दादानं विषय काढला की जीपमध्ये अ‍ॅम्पच्या जागी एक माणूस बसू शकतो, कोरसची एक बाई दरवेळी एसटीनं मागून येते ते बरं दिसत नाही. भाई म्हणाला, आता जमाना डिजिटलचा आहे, कायले हे धूड वागवते. दोघांनी मिळून माझ्या डोक्यात मॉडेलर भरवला. आमच्याकडे त्याला सगळे प्रोसेसरच म्हणतात. पायाशी ठेवायची लोखंडी पाटी, वर बटणं, आणि पोटात जगातल्या नामी अ‍ॅम्पांच्या आवाजांची नक्कल. गिटारची वायर त्यात घालायची आणि त्यातून निघालेली वायर सरळ मिक्सरला द्यायची, की झालं. मी आठवडाभर त्याचे व्हिडिओ पाहिले, खूश झालो आणि अ‍ॅम्प विकून टाकला. विकताना भाईनं तो माझ्याबरोबर उचलून टेम्पोत ठेवला होता.

प्रोसेसरवाल्याला स्टेजवर स्वतःचा आवाज ऐकू यायला काहीतरी लागतं. भाईनं माझ्या पायाशी एक मॉनिटर दिला, म्हणजे वाजवणाऱ्याकडे तोंड करून तिरपा ठेवायचा स्पीकर. त्यातून माझी गिटार भरभरून यायची. मी डोळे मिटून वाजवायचो. तेव्हाचे माझे फोटो आहेत, त्यात मी फार मोठा कलावंत दिसतो.

ह्या वर्षी थंडीत राळेगावकडच्या एका गावात कार्यक्रम होता. तिसऱ्या गाण्यात माझा मॉनिटर मेला. सगळा आवाज गेला आणि मी हवेत बोटं फिरवत राहिलो. दहा फुटांवर भाईचे मोठे बॉक्स कानठळ्या बसतील असे वाजत होते, त्यातून दादा ऐकू येत होता, ढोलकी ऐकू येत होती, कीबोर्ड ऐकू येत होता, मी मात्र कुठंच नव्हतो. मी स्वतःची समजूत घातली की बॉक्सची तोंडं लोकांकडे आहेत, मागं उभ्या माणसाला त्यात काय कळणार. असं उत्तर एखाद्या शेतकऱ्यानं मला बांधावर दिलं असतं तर मी त्याला परत पहिल्या खुणेपासून चालायला लावलं असतं. तिथं मात्र मी गप्प बसलो आणि घरी जाऊन ठरवलं की आता स्वतःचा स्पीकर घ्यायचा.

भाईला सांगितलं तर तो म्हणाला, "कायले घेते? मी दुसरा मॉनिटर आणतो न."

"प्रत्येक वेळी तुया भरवशावर नाही राहाचं मले," मी म्हटलं.

त्यानं कानावरची पेन्सिल काढून परत खोचली. मग म्हणाला, "घेशीनच, तर आडवा ठेवाचा घे. लहानसा. तोंड तुयाकडं. स्टँडवाला नको घेऊ, लोकाइच्या अंगावर जाते तो आवाज." मला ते ऐकून भरून आलं. म्हटलं, किती विचार करतो हा आपला.

असा स्पीकर निवडणं वाटतं तितकं सोपं नाही. प्रोसेसरला गिटारचा अ‍ॅम्प लावला तर आवाजाची खिचडी होते, कारण अ‍ॅम्प स्वतःची चव घालतो आणि प्रोसेसरनं ती आधीच घातलेली असते. डीजेवाल्यांचा बॉक्स लावला तर तो खालची धडधड फुगवतो. प्रोसेसरला लागतो तो पदरचं काही न घालणारा बॉक्स. खालच्या जाड सुरापासून वरच्या किणकिणीपर्यंत जे आत जाईल तेच बाहेर काढणारा, आणि ताकदीचं मशीन पोटातच असलेला. थोडक्यात, मी जे काम करतो तेच काम करणारा स्पीकर मला हवा होता. ही तुलना मला तेव्हा फार आवडली होती आणि मी ती बायकोला दोनदा ऐकवली.

पुसदला एक जण असे बॉक्स ठेवतो असं कळलं. एका सुटीच्या दिवशी प्रोसेसर पाठीवर आणि गिटार हातात घेऊन एसटीनं गेलो. दुकानदार साठीचा, चष्मा कपाळावर, उगाच बडबड न करणारा. मी काय हवंय ते सांगितलं तर म्हणाला, "बसा, साहेब. तिन्ही लावून देतो. कानानंच घ्या, लिहिलेल्यावर जाऊ नका. लिहिते ते कोणीही."

पहिला बॉक्स पंधरा इंची, समोर निळे-लाल दिवे, पाठीवर वॅटचा एवढा मोठा आकडा की त्यावर गाव चालावं. मी जाड तार छेडली तर काउंटरवरची काच हलली. पण सहा तारांचा कॉर्ड दिला की सगळा आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा यायचा, कोणती तार कोणती ते कळेना. दुसरा आठ इंची, आडवा, भाईनं सांगितला तसा. हळू वाजवलं तर गोड, पण जरा जोर केला की त्याचा घसा बसायचा, आणि जाड तार तर त्याला माहीतच नव्हती. तिसरा बारा इंची. काळा, प्लायवूडचा, दिवे नाहीत, समोर नुसती जाळी. पाठीमागं एक बटण होतं, ते दुकानदारानं सपाटवर ठेवलं, म्हणजे खाली-वर काही वाढवायचं नाही.

तो मला अजिबात आवडला नाही. बिनमिठाच्या भाजीसारखा आवाज. माझा चार वर्षं जपलेला टोन त्यातून कर्कश आला, टोकदार, दातात खडा यावा तसा. बोटं तारेवरून सरकतात त्याचं चिरकणंही त्यानं लपवलं नाही. मी तोंड वाकडं केलं तर दुकानदार म्हणाला, "आवाज बॉक्सचा नाही, साहेब, तुमचाच हाय. इतके दिवस कशावर वाजवत होते?" मी म्हटलं, मॉनिटरवर. "मग त्या मॉनिटरच्या हिशोबानं लावला असन तुमी."

बरोबर होतं. मी प्रोसेसरवर वाकलो. वरची धार कापली, आवाजाला मुद्दाम दिलेली घरघर निम्म्यावर आणली, बॉक्स जमिनीवरून उचलून स्टँडवर ठेवायला सांगितला, तशी खालची सूज आपोआप उतरली. अर्ध्या तासात त्यातून असा आवाज निघाला की मी वाजवायचा थांबून नुसता ऐकत बसलो. सहाच्या सहा तारा वेगळ्या ऐकू येत होत्या. मला फार आनंद झाला. तो त्या दिवसाचा शेवटचा आनंद.

"गाणं लावून पाहा एखादं," दुकानदार म्हणाला. "तुमच्या पाठ असन असं. ज्याच्यातलं सगळं माहीत हाय, त्याच्यानंच बॉक्स समजते."

दुसरा कोणी असता तर त्यानं सिनेमातलं गाणं लावलं असतं. मी खिशातला पेन ड्राइव्ह काढला. आमच्याकडे रीतच आहे, कार्यक्रम झाला की भाई मिक्सरवरून निघालेलं रेकॉर्डिंग मंडळाला भरून देतो. गेल्या पाच कार्यक्रमांचं सगळं त्यात होतं, मला ते एका मंडळाच्या सचिवाला पोचतं करायचं होतं. आमची गाणी माझ्याइतकी पाठ कोणाची असणार.

गाणं सुरू झालं आणि मी चकित झालो. ओळ उचलायच्या आधी दादा श्वास घेतो तो ऐकू आला. ढोलकीवर अंगठा घासतो तो ऐकू आला. कोरसमधल्या एकीच्या बांगड्या वाजल्या. मंडपाचं कापड फडफडलं, मागून कोणीतरी "जय भीम" म्हणालं. आजवर ही रेकॉर्डिंग मी मोबाइलवर ऐकलेली, त्यात तबला आहे की डबा वाजतोय तेही कळत नसे. मग पहिलं कडवं संपलं आणि माझा तुकडा आला.

तुकडा होता. सूर तेच, लय तीच. पण त्या तुकड्याच्या मध्यावर मी एक तार बोटानं ओढतो आणि सूर हळूहळू वर चढवतो. ती जागा बसवायला मला एक उन्हाळा लागला होता. इथं तो सूर चढतच नव्हता, एकावरून टपकन दुसऱ्यावर जात होता. तारेवर बोट घासत नव्हतं. एकही चूक नव्हती. ही गिटार नव्हतीच. कीबोर्डवर गिटारचा आवाज लावून दादाचा साळा वाजवत होता.

मी गाणं मागं घेतलं. पुन्हा ऐकलं. दुसरं लावलं, तिसरं लावलं. दुसरा कार्यक्रम, तिसरा, चौथा, पाचवा. मला मोजणीची सवय आहे, एका खुणेवरून मी निकाल देत नाही. कॉर्ड शोधले, सुरुवातीचे टणत्कार शोधले, जिथं माझी हमखास तार निसटते ती चूकही शोधली. पाच कार्यक्रमांत, एकाही गाण्यात, कुठंही मी नव्हतो. मिक्सरमधून जे लोकांकडे जातं तेच पेन ड्राइव्हवर येतं. म्हणजे मी लोकांकडेही गेलो नव्हतो.

"काय झालं, साहेब? बॉक्समधी प्रॉब्लेम हाय का?" दुकानदारानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "बॉक्स चांगला हाय. हाच द्या."

परतीच्या एसटीत मी तो बॉक्स शेजारच्या सीटवर ठेवला आणि दिग्रस येईपर्यंत त्याच्याकडे पाहत होतो. रागापेक्षा लाज जास्त वाटत होती. दादाचा साळा साधा माणूस. रियाजाला माझ्या बाजूला बसून विचारायचा, "भाऊ, हे कसं वाजवलं? जरा हळू दाखवा." आणि मी त्याच्या हौसेचं कौतुक करत एकेक सूर दाखवायचो. माझं घर मोकळं करायची चावी मीच त्याच्या हातात देत होतो आणि वर दिवाही धरत होतो.

घरी पोचलो तेव्हा बायको तुरीच्या शेंगा सोलत होती. ती प्रत्येक जवळच्या कार्यक्रमाला येते, पहिल्या नाहीतर दुसऱ्या रांगेत बसते. मी बूट न काढताच विचारलं, "कार्यक्रमात मायी गिटार आयकू येते का तुले?"

तिनं शेंगा बाजूला ठेवल्या. माझ्याकडे पाहिलं, मग बॉक्सकडे. म्हणाली, "गिटार तर तो कीबोर्डवाला वाजवते न."

"आणि मी?"

"मले वाटलं तुमाले माहीत असन. तुमच्या-तुमच्यात ठरलं असन."

"मग दरवेळी छान झालं, छान झालं काहून म्हणत होती?"

"कार्यक्रम छानच व्हाये," ती म्हणाली.

तिच्यावर रागवायला मला जागाच सापडेना. ती खरंच बोलत होती. समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. गावोगावच्या आयाबायांना, मंडळाच्या पोरांना, चहावाल्यालाही. चार वर्षं मी डोळे मिटून मान हलवत होतो आणि लोक बघत होते की हा माणूस वाजवायचा अभिनय चांगला करतो. सगळं गाव जागं आणि मी तेवढा झोपलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाईच्या वर्कशॉपवर गेलो. तो प्लाय कापत होता. माझं तोंड पाहून त्यानं मशीन बंद केलं.

"पुसदले गेलता म्हणे," तो म्हणाला.

"तिथं पेन ड्राइव्ह लावून आयकला."

भाईनं खाली बसून पाटावरचा भुसा हातानं झाडला. झाडण्यासारखा तो नव्हताच. मग म्हणाला, "दादानं सांगतलं होतं. त्याले त्याच्या मॉनिटरमधी पूर्ण दे, समोर नको जाऊ देऊ."

"कधीपासून?"

"पहिल्याच कार्यक्रमापासून. प्रोसेसर आला तवापासून."

मग मला जे विचारायचं नव्हतं तेच तोंडातून निघालं. "आणि अ‍ॅम्प विकाचं कोणाच्या डोक्यातून निघालं?"

त्यानं कापलेला प्लाय भिंतीला टेकवून ठेवला. "देख यार," तो शेवटी म्हणाला, "अ‍ॅम्प होता तवा माया हाती काईच नव्हतं. तो आवाज तर सरळ तुया मागून लोकाइत जाये. मी कमी कुठून करू?"

म्हणजे जीपमधली जागा नाही, कोरसच्या बाईची एसटी नाही, डिजिटलचा जमाना नाही. माझा आवाज माझ्या हातातून काढून एका वायरीत घालायचा होता, म्हणजे ती वायर कोणाच्या तरी बोटाखाली येईल. आणि ते मी स्वतः हौसेनं केलं. केसानं गळा कापला म्हणतात तो असा, आणि तो कापताना मी मान पुढं करून विचारत होतो की उजेड पुरेसा आहे ना. मी भाईला ह्यातलं काही म्हणालो नाही.

त्याला माझी दया आली असावी. म्हणाला, "पण मी आयकत होतो न तुले. सगळे कार्यक्रम. हेडफोनमधी नुसती तुयी गिटार लावून आयको कधी कधी. लय चांगला वाजवते तू, खरं सांगतो."

हे तो इतक्या मायेनं म्हणाला की मला त्याचं मशीन उचलून त्याच्याच अंगावर टाकावंसं वाटलं. चार वर्षं मी एका माणसासाठी वाजवत होतो, आणि दार लावून घेणारा माणूस तोच. मी उठलो आणि निघालो. त्यानं चहा मागवला होता, पोऱ्या नसल्यामुळे तो स्वतःच कप घेऊन मागं धावत आला. मी घेतला नाही. आमच्या ओळखीत त्याचा चहा मी पहिल्यांदाच नाकारला.

दादा घरी पडवीत पेटी पुसत बसला होता. दादाशी मी आयुष्यात कधी आवाज चढवून बोललो नाही. माझे वडील गेले तेव्हा मी अकरावीत होतो, त्यानंच माझ्या हातात पहिली गिटार दिली होती, कोणाकडून तरी मागून आणलेली. मी एवढंच म्हटलं, "दादा, मायी गिटार समोर जात नाही."

त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. फडकं खाली ठेवून म्हणाला, "शब्द झाकते तुयी गिटार. आपल्याकडे लोकं शब्द आयकाले येतात, बावा. आपल्या आजोबाले अक्षर येत नव्हतं, त्यानं सगळं गाण्यातूनच आयकलं. त्या गाण्यावर तू तार ओढते. तू वाजवते, आयकत नाही."

"मले सांगाचं होतं."

"सांगतलं असतं तर तू पार्टी सोडून गेला असता. तुया राग मले माहीत नाही का? मावशीले मी काय तोंड दाखवलं असतं?"

मावशी म्हणजे माझी आई. रागाचं म्हणाल तर मला लगेच आठवलं. अ‍ॅम्पच्या काळात दिग्रसला एकदा त्यानं भर कार्यक्रमात आवाज कमी कर म्हणून खुणावलं, तर मी वायर उपटून जीपमध्ये जाऊन बसलो होतो, शेवटच्या गाण्यापर्यंत. त्यानं समजवायला फोन केले, मी दोन आठवडे उचलले नाहीत. तेव्हा तो म्हणतो ते खोटं नव्हतं. सोडली असती मी पार्टी. पण मग परतही आलो असतो. चार शिव्या देऊन, तोंड पाडून, महिन्याभरानं परत आलो असतो, कारण मला दुसरीकडे कुठं जायचं होतं? एवढं तरी त्याला माझ्याबद्दल माहीत असायला हवं होतं. त्यानं मला ते करायची संधीच दिली नाही. मला खेळणं देऊन गप्प बसवलं.

"पौर्णिमेच्या कार्यक्रमाले मी माया बॉक्स आणतो," मी म्हटलं. "स्टँडवर. तोंड लोकाइकडे."

"आण," दादा म्हणाला आणि पेटी पुसायला लागला.

पौर्णिमेचा कार्यक्रम राळेगावकडेच होता. ऊन उतरल्यावर आम्ही स्टेज लावलं. मी माझा बॉक्स डाव्या कोपऱ्यात स्टँडवर चढवला आणि त्याचं तोंड मंडपाकडे वळवलं. भाईनं मला विजेचा बोर्ड आणून दिला. मी त्यात वायर लावली. पुढच्या दोन रांगांत पांढऱ्या साड्या नेसलेल्या म्हाताऱ्या बसल्या होत्या.

पहिलं गाणं मी अगदी मनातलं सगळं काढून वाजवलं. चार वर्षांचं. प्रत्येक ओळीवर तार ओढली, दादाच्या आवाजाबरोबर चढलो, त्याच्या पुढं गेलो. लोकांच्या माना माझ्याकडे वळल्या ते मी ह्या वेळी डोळे उघडे ठेवून पाहिलं. दादाच्या साळ्यानं कीबोर्डवर बासरीचा आवाज लावला होता, तो हळूच काहीतरी वाजवत होता. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं कानामागं हात धरला. मग शेजारणीला काहीतरी विचारलं. शेजारणीनंही नाही म्हणून मान हलवली. गाणं संपल्यावर टाळ्यांच्या आत ती दादाला म्हणाली, "शब्द नाही समजून राह्यले रे, बाबू."

दादानं माझ्याकडे पाहिलं नाही. तो पाणी प्यायला.

मी वाकलो आणि बॉक्सचं बटण खाली आणलं, निम्म्याहून खाली. प्रोसेसरवरची घरघर काढून टाकली. दुसऱ्या गाण्यात दादा गात असताना नुसते हलके कॉर्ड धरले, ओळ संपली की दोन सूर, बस. म्हातारीनं हात कानावरून काढून मांडीवर ठेवला आणि तिचे ओठ दादाबरोबर हलायला लागले. मला राग आला नाही. मी स्वतः थक्क झालो. जे सांगितलं तर मी पार्टी सोडेन म्हणून पार्टीतल्यांनी मिळून चार वर्षं लपवलं, ते एका म्हातारीनं एका वाक्यात सांगितलं आणि मी ते दोन गाण्यांच्या मधल्या वेळात केलं. ह्या विचारात मात्र तिसऱ्या गाण्यात माझा एक सूर चुकला. तो सगळ्या मंडपाला ऐकू गेला.

कार्यक्रम संपला. सतरंज्या गोळा व्हायला लागल्या, कोरसच्या बाया जीपकडे गेल्या. मी गुडघ्यावर बसून वायर गुंडाळत होतो. दादा मागून आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "आज मस्त वाजवलं तू."

प्रोसेसर आल्यापासून प्रत्येक कार्यक्रमानंतर तो हेच म्हणत आला आहे. हेच चार शब्द, ह्याच आवाजात, खांद्यावर असाच हात ठेवून. आज ते खरं असेल. दुसऱ्या गाण्यापासून मी खरंच बरा वाजवत होतो, निदान मला तसं वाटलं. मी वळून त्याच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मला काहीच कळलं नाही.